लांबच्या प्रवासाआधी जुन्या गाडीच्या तारखा वाचा

गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर किंवा मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या घाटात बॉनेट वर करून उभी असलेली गाडी दिसली नाही, असे सहसा होत नाही. गाडी दहा-पंधरा वर्षांची असते, मीटरवर दीड-दोन लाख किलोमीटर झालेले असतात, सामान बाहेर काढलेले असते आणि घरातली वयस्कर माणसे झाडाखाली सावली धरून बसलेली असतात. बाजूने जाणारा सहज बोलून जातो, 'एवढी चाललेली गाडी घेऊन इतक्या लांब यायचेच कशाला?' गाडी फार चालली म्हणून बंद पडली, हे त्याने धरूनच चाललेले असते. या समजुतीला माझी हरकत आहे, कारण ती अपुरी आहे आणि तिच्यामुळे माणसे चुकीची तयारी करतात. जुनी गाडी घरापासून दूर बंद पडते ती बहुधा एखाद्या स्वस्त, मुदत संपलेल्या भागामुळे. त्या बिघाडाचा मोठा खर्च होतो तो मात्र गाडीने दिलेली पहिली खूण दिसूनही आपण ती पुढे रेटल्यामुळे. पहिल्या गोष्टीचा बंदोबस्त घरी करता येतो, दुसरीचा रस्त्यात. दोन्हींना पैशापेक्षा शिस्त जास्त लागते.

मीटर काय सांगते, काय सांगत नाही

अमेरिकेतले शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली व्होल्वोची पी १८०० ही गाडी घेतली आणि २०१३ साली त्याच गाडीने ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. एका मालकाने बिगर-व्यावसायिक वापरात चालवलेली सर्वाधिक अंतराची गाडी म्हणून गिनीजने तिची नोंद घेतली. हे उदाहरण अपवादात्मक आहे, पण निव्वळ अंतराने गाडी संपत नाही एवढे ते नक्की सिद्ध करते. आपल्याकडच्या टॅक्स्याही चार-पाच लाख किलोमीटर धावतात. याचे कारण यंत्राच्या स्वभावात आहे. इंजिन एकदा तापून नेहमीच्या तापमानाला आले आणि एका वेगाने चालू लागले की ऑइलचा थर नीट बसतो आणि झीज कमी होते. थंड इंजिन सुरू करणे, दोन किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन लगेच बंद करणे, यात ती अधिक होते. म्हणून हमरस्त्यावर झालेले दोन लाख किलोमीटर हे गल्लीबोळातल्या ऐंशी हजारांपेक्षा गाडीला सोसवणारे असू शकतात. मीटर फक्त अंतर मोजते. ते अंतर कसे कापले, हे त्याला ठाऊक नसते.

मीटरला न कळणारी दुसरी गोष्ट म्हणजे काळ. गाडीतले कितीतरी भाग चालण्याने कमी आणि वयाने जास्त खराब होतात. रबराचे होज पाइप, बेल्ट, टायर, ब्रेकमधली रबरे गाडी उभी असली तरी कडक होत जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये संपत जातात. बॅटरीच्या प्लेट झिजतात. जर्मनीत एडीएसी ही मोटारचालकांची मोठी संघटना दरवर्षी लाखो बंद पडलेल्या गाड्यांना रस्त्यावर मदत करते आणि त्यांच्या बिघाडांची नोंद जाहीर करते. त्या नोंदींत गेली काही वर्षे चाळीस टक्क्यांहून अधिक गाड्या बॅटरीमुळे अडकलेल्या आढळतात. इंजिन आणि गिअरबॉक्स त्या यादीत फार खाली आहेत. जर्मनीच्या थंडीत बॅटरी जाणारच, आपल्याकडे तसे कसे होईल, अशी शंका कोणी घेईल. पण थंडीत फक्त बॅटरीचा अशक्तपणा उघडा पडतो. तिला आतून लवकर खाते ती उष्णता. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली बसलेली बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपते, हा इथल्या वाहनचालकांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून माझा पहिला आग्रह असा की जुनी गाडी लांब न्यायची तर मीटरवरचा आकडा बाजूला ठेवावा आणि तिच्या भागांच्या तारखा वाचाव्यात.

निघण्याच्या तीन आठवडे आधी

ही तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री करून उपयोग नाही. किमान तीन आठवडे आधी ती करावी, म्हणजे बदललेला भाग घराजवळच दोन-तीनशे किलोमीटर चालवून पाहता येतो. सुरुवात सोप्या गोष्टींपासून करू. बॅटरीवर किंवा तिच्या बिलावर तारीख असते. चार वर्षे उलटली असतील तर ती चालते आहे यावर विसंबू नये. साध्या मल्टिमीटरने रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरला पाहिजे आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४. सुरू इंजिनावर आकडा १३च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहावा लागेल, नवी बॅटरी घालून प्रश्न सुटणार नाही. टायरच्या बाजूवर डॉट या खुणेनंतर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. खाचा कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हव्यात, पण खाचा भरपूर असूनही पाच-सहा वर्षांनी रबराला बारीक भेगा पडू लागतात. क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाडीचे टायर म्हणूनच फसवे असतात. स्टेपनी तर गाडीइतकीच जुनी आणि अर्धी बसलेली असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, कारण तिच्याकडे कोणी पाहतच नाही.

त्यानंतर पाण्याचा मार्ग पाहावा. रेडिएटर, त्याचे वरचे-खालचे होज पाइप, झाकण, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि पंखा ही सगळी एक साखळी आहे आणि तिची सर्वांत कच्ची कडी बहुधा सर्वांत स्वस्त असते. थंड इंजिनावर होज पाइप दाबून पाहावा. लाकडासारखा कडक किंवा फार लिबलिबीत लागला, क्लिपजवळ फुगलेला दिसला, तर बदलावा. रेडिएटरच्या झाकणाचे काम फक्त झाकण्याचे नसते. ते आतला दाब राखते आणि दाबामुळे कूलंट १०० अंशांवर न उकळता १२० अंशांच्या जवळपास टिकते. झाकणाचे रबर गेले की घाटात पाणी उकळून बाहेर पडते आणि माणसे दोष देतात इंजिनाला. वर्षानुवर्षे नळाचे किंवा बोअरचे साधे पाणी घातलेल्या गाडीत क्षार साचून रेडिएटर आतून चोंदलेला असतो. तो साफ करून योग्य प्रमाणात कूलंट भरावे. गाडीला टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे मिस्त्रीला विचारून घ्यावे. बेल्ट असेल तर कंपनीने दिलेली मुदत, जी अनेक गाड्यांत साठ हजार ते एक लाख किलोमीटर किंवा पाचेक वर्षे असते, ती उलटून गेल्यावर एक दिवसही वाट पाहू नये. कित्येक इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि एका पट्ट्यापायी सगळे हेड उघडावे लागते.

ब्रेक ऑइलची गोष्ट घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखी आहे. डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेले तेच ऑइल मानकानुसार १४० अंशांवर उकळले तरी चालते. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी उतरवली तर तेवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी कितीही कमी चालो. इंधनाच्या बाबतीतही काही गोष्टी पाहाव्यात. टाकीतला पेट्रोल पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे जुन्या गाडीत टाकी पाव भरलेली असताना पुन्हा भरून घेण्याची सवय लावावी. सीएनजीवर चालणाऱ्यांनी पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी चुकवू नये. आता पंपांवर मिळते ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे आणि जुन्या गाड्यांचे रबर त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलच्या नळ्या आणि सील एकदा मिस्त्रीच्या नजरेखालून घालावेत.

तीन हरकती

यावर पहिली हरकत अशी येते: गाडीची आजची किंमत लाख-सव्वा लाख, तिच्यावर दहा-पंधरा हजार घालायचे हा कसला व्यवहार? हरकत मोलाची आहे, पण तुलना चुकीच्या दोन आकड्यांची आहे. या खर्चाची बरोबरी विक्रीच्या किमतीशी करायची नसते. बरोबरी करायची ती रस्त्यात अडकल्यावर होणाऱ्या खर्चाशी. टोचन करणारी गाडी, पुढच्या प्रवासाचे भाड्याचे वाहन, कदाचित एक-दोन रात्रींचा मुक्काम, बुडालेले काम, आणि इंजिन तापून हेड वाकले असेल तर त्याचे वेगळे बिल, ही बेरीज होज पाइप, बेल्ट आणि झाकण यांच्या एकत्रित किमतीच्या कित्येक पट होते. इथे अनेकांना एक गैरसमजही नडतो. विमा आहे ना, असे ते म्हणतात. पण आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड यांची भरपाई मिळत नाही. अपघात झाला तर विमा, बेल्ट तुटला तर आपला खिसा. रस्त्यावरच्या मदतीची जोड घेता येते आणि जुन्या गाडीला ती घ्यावीच. मात्र गाडीच्या वयाची मर्यादा किती, वर्षातून किती वेळा मदत मिळणार, किती किलोमीटरपर्यंत टोचन फुकट, या तीन ओळी घरी वाचून ठेवाव्यात.

दुसरी हरकत अनुभवी माणसांची असते: चालते आहे त्याला हात लावू नये, उघडले की बिघडते. यात तथ्य आहे. घाईत बसवलेला होज पाइप गळतो, सुटलेली वायर नीट लागत नाही, बाजारातला नकली भाग महिन्यात जातो. पण यातून निघणारा धडा वेळेबद्दलचा आहे. लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडी उघडू नये हे अगदी खरे. तीन आठवडे आधी उघडून, नेहमीच्या मिस्त्रीकडून काम करून घेऊन, रोजच्या वापरात पारखून घ्यावी. एखादी क्लिप सैल राहिलीच असेल तर ती कात्रजला किंवा ठाण्यात कळू दे, करूळ घाटात कळायला नको.

तिसरी हरकत सर्वांत खरी आहे: एवढे सगळे एकदम करायला पैसे नाहीत. जुनी गाडी बहुतेक घरांत हौसेपोटी नसते, ती परवडते म्हणून असते. अशा वेळी क्रम ठरवावा. आधी जीव वाचवणाऱ्या गोष्टी: ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जोड. मग इंजिन वाचवणाऱ्या: पाण्याचा मार्ग, ऑइल, टायमिंग बेल्ट. मग प्रवास वाचवणाऱ्या: बॅटरी, क्लचची वायर, पेट्रोलचा फिल्टर. एसी, काच वरखाली करणारी मोटर, टेप ही सगळी शेवटी. दुर्दैवाने आपण अनेकदा उलट्या क्रमाने खर्च करतो, कारण एसी बंद असल्याचे रोज जाणवते आणि ब्रेक ऑइल जुने झाल्याचे कधीच जाणवत नाही.

रस्त्यावर: पहिली खूण

तयारी करूनही जुनी गाडी रस्त्यात काही तरी बोलणारच. तिच्यावर ताण कमी पडावा यासाठी पहिला उपाय वेगाचा. हवेचा विरोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० ऐवजी १०० किलोमीटरच्या वेगाने गेलो तर त्यासाठी जवळजवळ दुप्पट शक्ती लागते, आणि तेवढीच वाढीव उष्णता जुन्या रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. समृद्धी महामार्गाच्या लांब, सरळ, तापलेल्या काँक्रीटवर मोटारींना १२० किलोमीटरची मुभा आहे म्हणून बारा वर्षांच्या गाडीने आणि सहा वर्षांच्या टायरने ती वापरलीच पाहिजे असे नाही. १२०च्या वेगाने तासाभरात होणाऱ्या प्रवासाला ८० ते ९०च्या वेगाने वीस ते तीस मिनिटे जास्त लागतील, पण टायर आणि इंजिन दोन्ही सुखाने चालतील. दर दोन तासांनी थांबावे, गाडीखाली गळती पाहावी, चाकांजवळ हात नेऊन एखादे इतरांपेक्षा जास्त तापले आहे का ते पाहावे. घाटात ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे म्हणजे गाडी रोखण्याचा सगळा भार एकट्या ब्रेकवर टाकणे. बंद इंजिनात तर ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते.

खुणा ओळखण्याचा साधा नियम असा: लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे सावकाश जाऊन दाखवा. ऑइलचा लाल दिवा लागला तर ऑइलचा दाब गेला आहे, आणि दाबाशिवाय एक-दोन मिनिटे चाललेले इंजिनही कायमचे जाऊ शकते. तिथे पुढचा पेट्रोल पंप किती लांब हा विचारच करू नये. बॅटरीचा लाल दिवा लागला तर बहुधा अल्टरनेटर किंवा बेल्ट गेलेला असतो. दिवसा, एसी-पंखा-टेप बंद ठेवून काही अंतर जाता येते, पण त्याच बेल्टवर वॉटर पंप चालत असेल तर मिनिटांत इंजिन तापेल. म्हणून आधी थांबून बेल्ट जागेवर आहे का ते पाहावे. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू जाऊन जवळच्या गावात दाखवता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारते आहे, वेग एकदम कमी करावा.

सर्वांत जास्त इंजिने जातात ती तापमानाच्या काट्याकडे पाहूनही न थांबल्याने. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. उकाड्यात हे नकोसे वाटते, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनाची उष्णता बाहेर ओढतो. तेवढ्याने काटा खाली आला नाही, किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा गाठून इंजिन बंद करावे. काट्याचा एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो: पाणी पूर्ण गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. हीटरमधून अचानक थंड हवा येऊ लागली तर समजावे की पाणी संपले आहे, काट्यावर विश्वास ठेवू नये. बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे उकळते पाणी चेहऱ्यावर येते आणि भाजण्याचे अपघात असेच होतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. सगळे निवल्यावर कपडा धरून झाकण थोडे सैल करावे, दाब जाऊ द्यावा, मग पाणी भरावे. साधे पाणीही चालेल, कूलंट नंतर घालता येईल. हा पाऊण तास फार लांब वाटतो. पण अॅल्युमिनियमचे हेड वाकले तर पुढचे पंधरा दिवस गाडी गॅरेजात असते, आणि हा फरक त्या पाऊण तासानेच पडतो.

यावर कोणी म्हणेल, घाटात वळणावर थांबणे हाच मोठा धोका. बरोबर आहे, आणि म्हणूनच जागा निवडण्याचा वेळ पहिल्या खुणेपासून मोजायचा, शेवटच्या नव्हे. काटा हलला तेव्हाच रुंद कडा, हॉटेल किंवा पंप शोधायला लागावे. वाफ येईपर्यंत थांबलो तर जागा गाडी निवडते, आपण नाही. पावसाळ्यात आणखी एक दक्षता हवी: पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढावी आणि मिस्त्रीलाच उघडू द्यावी.

बंद पडल्यावर: आधी माणसे

गाडी थांबली की मन इंजिनाकडे धावते, पण पहिली काही मिनिटे माणसांसाठी आहेत. चारही इंडिकेटर लावावेत, चाके शक्य तितकी डाव्या कडेला घ्यावीत, आणि सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर, कठडा असेल तर कठड्यापलीकडे बसवावे. पाऊस आहे म्हणून मुलांना गाडीत बसवून ठेवणे द्रुतगती मार्गावर फार धोक्याचे आहे, कारण मागून येणाऱ्या ट्रकला उभी गाडी चालती वाटते. त्रिकोणी परावर्तक मागे किमान पन्नास मीटरवर, महामार्गावर शंभर मीटरवर आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. तो गाडीला टेकवून ठेवला तर त्याचा उपयोग नाही. दगड ठेवले असतील तर निघताना ते उचलावेत. रस्त्याच्या बाजूचे चाक पंक्चर असेल आणि वाहतूक वेगाची असेल, तर रिम खराब झाली तरी चालेल, पण गाडी हळूहळू मोकळ्या जागी नेऊनच चाक बदलावे.

मग फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, जिवाला धोका असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहेत, तिथले मदतीचे क्रमांक प्रवास सुरू करतानाच लिहून घ्यावेत. फोनवर 'कशेडीच्या पुढे कुठेतरी' असे सांगितले तर मदत शोधत फिरते. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, कोणत्या दिशेने जात होतो ते, आणि जवळचे गाव सांगावे. रेंज नसलेले टप्पे वरंधा, ताम्हिणी अशा घाटांत असतात. म्हणून एसटीच्या चालकाला किंवा जाणाऱ्या ट्रकवाल्याला थांबवून पुढच्या गावात निरोप देणे आजही उपयोगाचे ठरते.

गाडी ओढून न्यायची असेल तर तिला पूर्ण वर उचलून नेणारी गाडी मागवावी. ऑटोमॅटिक गिअरच्या किंवा चारही चाकांना शक्ती असलेल्या गाडीसाठी तर हे अत्यावश्यक आहे, नाहीतर गिअरबॉक्सच जातो. दोरीने टोचन करायची वेळ आलीच, तर ती सपाट रस्त्यावर, थोड्या अंतरासाठी आणि अगदी हळू. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला दोन्ही पायांचा जोर लागतो, त्यामुळे घाटात दोरीचे टोचन करूच नये.

दुरुस्ती किती करायची

तालुक्याच्या गावातला मिस्त्री परका असतो म्हणून तो लुबाडेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत त्याचा हात बहुधा शहरातल्या मोठ्या वर्कशॉपपेक्षा सरावलेला असतो, कारण तिथे अजून जुन्या गाड्याच जास्त चालतात. भीतीवर उपाय साधे आहेत. आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला फोन लावून दोघांचे बोलणे करून द्यावे, काम सुरू करण्याआधी मजुरी ठरवावी, काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. आणि मनात एक रेघ ओढून घ्यावी: रस्त्यात फक्त घरी पोचण्यापुरती दुरुस्ती. रेडिएटरचा पंखा सेन्सरने चालत नसेल तर तो थेट जोडून घेणे, अडकलेला थर्मोस्टॅट काढून टाकणे, फाटलेला होज पाइप आखूड करून नवी क्लिप लावणे, हे सगळे तात्पुरते असले तरी घर गाठून देते. ब्रेक, स्टिअरिंग, बॉल जॉइंट, फुगलेला टायर यांच्या बाबतीत मात्र तात्पुरते असे काही नसते. ते पूर्ण दुरुस्त होईपर्यंत गाडी पुढे न्यायची नाही.

इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडावा लागणार असेल, तर शक्यतो गाडी घरी आणावी. खुले इंजिन आणि न मिळणारा भाग यांच्यामध्ये आठ-आठ दिवस जातात, भाग कोल्हापूर-पुण्याहून एसटी पार्सलने येतो, चुकीचा निघाला तर पुन्हा फेरी. भारतात विक्री थांबलेल्या कंपन्यांच्या गाड्यांना हा त्रास अधिक. शेवरोलेने २०१७च्या अखेरीस इथली विक्री बंद केली, फोर्डने २०२१ साली इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. अशी गाडी असेल तर जे सेन्सर, बेल्ट, पाइप सहज मिळत नाहीत त्यांचा एकेक संच डिकीत ठेवूनच निघावे. इतरांनीही बेल्ट, दोन क्लिपा, फ्यूज, क्लचची वायर, पाच लिटर पाणी, जंप केबल, टॉर्च आणि चाकाचा पाना एवढे जवळ ठेवावे. त्या पान्याने चाकाचे नट आपल्या हाताने सुटतात का, हे घरी पाहून घ्यावे.

काही गाड्या मात्र लांब नेऊच नयेत. दर आठवड्याला पाणी घालावे लागते आणि ते कुठे जाते हे कळत नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसतो, ब्रेक एका बाजूला ओढतो, चॅसी किंवा चाकांचे सांधे गंजले आहेत, किंवा पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण झालेले नाही: यांतले एकही असेल तर एसटी, रेल्वे किंवा भाड्याची गाडी बरी. यात हार मानण्यासारखे काही नाही. ज्या गाडीने बारा वर्षे घर ओढले तिच्याकडून आता गावातलीच कामे करून घ्यावीत.

पण जिच्यात हे दोष नाहीत अशी दीड लाख किलोमीटरची गाडी केवळ आकड्याला भिऊन घरी ठेवण्याचे कारण नाही. तिच्यासाठी एक वही करावी. कोणता भाग कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर बदलला, एवढेच त्यात लिहावे. जुन्या गाडीबरोबर ही वही आपल्याला कोणी देत नाही, म्हणून सुरुवातीला तिचे पहिले पान जवळजवळ कोरे राहील. ते कोरे पान हीच कामाची यादी समजावी, आणि पहिली नोंद आजच करता येईल: डिकी उघडून स्टेपनीवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत आणि वहीत लिहावेत.